तीनदा पुकारा

आमच्या घरमालकांना हळू बोलता येत नसे. ते रागीट होते किंवा कानानं अधू होते असं नाही. अमरावतीच्या जिल्हा कोर्टात त्यांनी उभी नोकरी पुकारा करण्यात काढली होती. कोर्टाच्या दारात उभं राहून वादी-प्रतिवादीची नावं ओरडायची, आणि ती अशी, की आवारातल्या चिंचेखाली पान जमवत बसलेला पक्षकारही दचकून उठावा. पेन्शन झाली, पट्टा आणि पितळी बिल्ला सरकारजमा झाला, आवाज मात्र त्यांच्याकडेच राहिला. भाजीवालीकडे पावशेर वांगी मागितली तरी ते चौकापर्यंत कळायचं.

दुसरी खोड अशी, की माणसाला ते बापाच्या नावाशिवाय हाक मारत नसत. "नामदेव वल्द सखाराम, दूध पातय हाय आज!" नामदेव गवळी गल्लीच्या टोकाला असतानाच हा निकाल जाहीर व्हायचा. नामदेवाला दुधाच्या टीकेचं काही वाटत नसे, पण मेलेल्या बापाचं नाव त्यात आलं की तो वरमायचा आणि दुसऱ्या दिवशी दूध जरा बरं यायचं. मी त्यांना बाबाजी म्हणत असे. गल्ली त्यांना माघारी 'हाजीर हो' म्हणायची, आणि ते त्यांना माहीत होतं.

त्यांच्या घरी मी भाडेकरू झालो त्याला कारण त्यांचा आवाजच. आमचे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन सरकारी कचेरीत कारकून लागलो होतो आणि अमरावतीत खोली शोधत होतो. बाकीचे घरमालक मला आधी गाव विचारायचे, मग कुलदैवत विचारायचे, आणि मग त्यांना एकदम आठवायचं की ह्या खोलीत भाचा राहायला येणार आहे. त्या वर्षी अमरावतीत इतके भाचे येणार होते, की त्यांच्यासाठी वेगळी आगगाडी सोडावी लागली असती. बाबाजींनी मला ओट्यावर उभं करून नाव, बापाचं नाव आणि गाव विचारलं आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बौद्ध काय?"

मी हो म्हणालो. समोरच्या घराचं दार थोडं उघडलं.

"मंग पाय धू आन् खोली पाह्य. पावसाळ्यात कौलं गयतात. आताच सांगून ठेवतो, मंग म्हनशीन सांगतलं नाही."

कौलं खरंच गळत. पण मी तिथं पुढची कितीतरी वर्षं राहिलो.

कोर्ट त्यांच्या बोलण्यातून गेलं नव्हतं. एखादं काम लांबलं, की "पेशी वाढली". जेवण झालं, की ताटावरून उठताना "कोर्ट बरखास्त". कुणी आपल्या पाठीमागे काही ठरवलं, की ते एकच शब्द बोलायचे, "एकतर्फी". हा त्यांच्या लेखी जगातला सगळ्यात वाईट शब्द होता. खून, दरोडा, लबाडी ह्यांबद्दल त्यांचं फारसं काही म्हणणं नसे. आयुष्यभर ते रोजच कानावर पडत आलं होतं. पण माणूस हजर नसताना त्याच्यावर निकाल लागावा हे त्यांना सोसत नसे. "तीनदा पुकारा झाला पाह्यजे," ते बोटं दाखवून म्हणत. "तीनदा. मंगच एकतर्फी." एकदा एक म्हातारा पक्षकार पाणी प्यायला विहिरीवर गेला होता, आणि त्यांनी तिसरा पुकारा तोंडात धरून ठेवला होता. म्हातारा धावत येईपर्यंत ते खोकत राहिले. जज्जसाहेबांनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं, तेही बाबाजींनी सावकाश प्यायलं. ही गोष्ट मी निदान वीस प्रकारे ऐकली असेल.

बायको फार पूर्वी गेली होती. एकुलता मुलगा अकोल्याला सरकीच्या तेल मिलमध्ये फिटर होता. दिवाळीला तो सहकुटुंब यायचा, आणि जाताना दर वेळी म्हणायचा, "बाबा, आता तिकडंच चला. इथं एकटं कावून राहता?" बाबाजी म्हणायचे, "पुढची तारीख." मुलगा बिचारा हसायचा. माणूस सरळ होता.

एकटे ते तसे नव्हतेच. बडनेऱ्याच्या वाटेवर, रेल्वेलाइनच्या अलीकडे, एक पांजरपोळ होतं. तिथं म्हातारी, लंगडी, कामातून गेलेली जनावरं लोक आणून सोडत. बहुतेक बैलच. बाबाजींचा तिथं काही अधिकार नव्हता. ते मेंबर नव्हते, नोकरही नव्हते. पण रोज सकाळी ते तिथं जाऊन हाजिरी घेत. एक वयस्कर गुराखी होता, तो शेण काढत असायचा, आणि बाबाजी दावणीसमोर उभे राहून पुकारा करायचे. बैलालाही बाप लागतोच. ज्यानं सोडला तो बाप. "बांड्या वल्द पाटील! ढवळ्या वल्द शेटजी!" बैल मान वर करून बघत. मी एकदा म्हणालो, बाबाजी, लोकांना हे आवडायचं नाही.

"खाल्ल्या मिठाचं नाव लावतो. त्यात आवडाचं काय?" ते म्हणाले. "त्याच्या नावानं जनम गेला ह्यायचा. आता सोडून देल्लं म्हनून बाप बदलते काय?"

शेटजी म्हणजे कापसाचे मोठे अडत्ये आणि पांजरपोळाच्या कमिटीचे अध्यक्ष. ढवळ्या आणि पवळ्या ही त्यांच्या आईच्या दमणीची जोडी. ह्या दमणीतून म्हातारी दर मंगळवारी अंबादेवीला जात असे. सगळा मोहल्ला तिला मांजी म्हणायचा. मग शेटजींनी मोटार घेतली. दमणी गोदामात गेली आणि जोडी पांजरपोळात आली. मांजीला सांगितलं, की बैल शेतावर पाठवले आहेत. मोटारीत बसल्यावर तिला मळमळायचं, म्हणून तिचं देवीला जाणंही बंद झालं होतं.

त्यातला पवळ्या एका उन्हाळ्यात मेला. त्या दिवसाची गोष्ट मी विसरणं शक्य नाही. कमिटीचे दिवाणजी आमच्या गल्लीत आले आणि ओट्यापासून चार हात लांब उभे राहून मला म्हणाले, की तुमच्या वस्तीतल्या दोघा-चौघांना पाठवून द्या, जनावर ओढायचं आहे. मी इस्त्रीचा सदरा घालून कचेरीला निघालो होतो. आमच्या गावी मेलेली ढोरं ओढणं आमच्या लोकांनी दीक्षेनंतर सोडलं होतं. त्यापायी गावानं आमच्यावर बहिष्कार घातला, मजुरी बंद केली, तरी आमच्या वडिलांनी दोराला हात लावला नव्हता. मी दिवाणजींना म्हणालो, "आम्ही ते काम करत नाही." आवाज कापला माझा, पण म्हणालो.

बाबाजी ओट्याच्या कडेला बसून दात घासत होते. त्यांनी चूळ भरली, आत जाऊन विहिरीचा दोर काढला आणि दिवाणजींना म्हणाले, "चाला. मी येतो."

"तुमी?"

"कावून? माहे हात काय कोर्टात जमा हायत?"

ते आणि तो गुराखी, दोघांनी मिळून पवळ्याला ओढत लाइनीपलीकडे नेलं. दिवसाउजेडी, अमरावती-बडनेरा रस्त्यावरून. परत आले तेव्हा घामानं निथळत होते. अंगणात बादल्यांवर बादल्या ओतून घेतल्या आणि ओले कपडे पिळताना मला म्हणाले, "तू नाही म्हनलं ते बराबर केलं. तुह्या बापानं जितलेली पेशी हाय ते. तू कावून हारतं?"

त्यानंतर त्यांच्या चुलतभावाच्या घरी त्यांचं पाणी बंद झालं. पुतणीच्या लग्नाचं आवतण आलं नाही. "एकतर्फी," ते म्हणाले, आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि आपल्याला अभिमान वाटावा असं कुणी त्या गल्लीत आहे ह्याचं नवलही वाटलं.

आता पुकाऱ्याची गोष्ट सांगतो.

एका वर्षी ज्वारी बुडाली. कडबा झाला नाही तो नाहीच. पुढचा पावसाळा आला, पण आषाढ कोरडा गेला, श्रावणात नुसती भुरभुर. रानात हिरवं दिसेना. ज्याच्या त्याच्या गंजीत राहिलेला कडबा आपापल्या जनावरांना पुरेना, तिथं पांजरपोळाला कोण देणार? गव्हाणी रिकाम्या पडल्या. बैल एकमेकांच्या अंगाला चाटत उभे असत. बाबाजींनी हाजिरीची वेळ सकाळऐवजी दुपारची केली. सकाळी त्यांना पाहिलं की बैलांना वाटे, आता काहीतरी येईल.

शेवटी शेटजींच्या गादीवर कमिटी बसली. संध्याकाळी बाबाजींबरोबर फिरायला जायची मला सवय लागली होती, म्हणून मीही तिथं होतो. आम्ही दोघं दाराशी, जोड्यांजवळ. शेटजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, की वैरण नाही आणि मिळण्याची आशाही नाही. जनावरं उपाशी मारण्याचं पाप घेण्यापेक्षा पोळा झाला की लगेचच्या गुरांच्या बाजारात ती विकून टाकावी आणि पांजरपोळ बंद करावं. म्हातारा बैल बाजारात कोण घेतो आणि कुठं नेतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एक मेंबर भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे बघत बसला.

"पुकारा झाला काय?" बाबाजींनी दारातून विचारलं. गादीवरचा दिवा हलला असं मला वाटलं.

शेटजी म्हणाले, "कायचा पुकारा, बाबाजी?"

"ज्याचा ज्याचा बैल हाय त्याले बलावलं काय? कोर्टात मानसाचा तांब्या जप्त कराचा असला तरी तीनदा पुकारा होते. तुमी तं पुकाऱ्याबिगर फाशी देऊन राहिले."

लोक हसले. शेटजीही हसले. म्हणाले, "बरं. पोळ्यापर्यंत तारीख दिली तुमाले. करा पुकारा."

बाबाजींनी मान तुकवली. जज्जसाहेबांसमोर तुकवत असतील तशी.

त्यांच्या मनातलं साधं होतं, आणि ते त्यांनी वाटेतच मला सांगितलं. पोळ्याच्या दिवशी बैल गावच्या तोरणाखाली जमवतात, आणि तोरण तुटल्यावर घरोघर नेतात. दारात आलेल्या बैलाचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणपोळी भरवायची, आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवायचा. त्या दिवशी दारात आलेल्या बैलाला वऱ्हाडात कुणी माघारी लावत नाही. तेव्हा पांजरपोळातला एकेक बैल ज्याचा त्याच्या दारात न्यायचा, मालकाचा पुकारा करायचा, आणि बोजारा म्हणून पैसा न घेता वैरण मागायची. एक पेंढी, दोन पेंढ्या, काय असेल ते. त्यासाठी त्यांनी एक बंडी ठरवून ठेवली होती.

"कासरे धराले मानसं पाह्यजेत," ते म्हणाले. "तू येशीन?"

दीक्षेनंतर पोळा आमच्या घरून सुटला होता, आणि मी तसं म्हणालो.

"तुले पूजा कराले कोन सांगतं? कासरा धर. कासऱ्याले धरम नसते."

आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः खांदेमळण केली. हळद आणि लोणी घेऊन एकेका खांद्यावर चोळत होते. ह्या खांद्यांवर जू ठेवून वर्षं झाली होती, तरी घट्टे तसेच होते. चोळताना रीतीप्रमाणे म्हणायचं असतं, की आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हे बैलाच्या कानात म्हणायचं, पण बाबाजी ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की लाइनीवरचा फाटकवाला बघायला आला. नवी झूल नव्हती, बाशिंगं नव्हती. शिंगांना गेरू लावला. बांड्याला एकच शिंग होतं, त्याच्यावर दोन शिंगांचा गेरू गेला.

गावच्या तोरणाखाली तरणे, चकचकीत बैल झुली घालून उभे होते, आणि त्यांच्या मागे आमची ही पलटण. कुणाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, कुणाचा डोळा गेलेला. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. झडत्या, म्हणजे पोळ्याची सवालजवाबाची कवनं, सुरू झाल्या. एकानं आपल्या खोंडाची बढाई मारली, दुसऱ्यानं त्याला टोला दिला. आणि मग मागून तो आवाज उठला.

"तवा होतो मी धन्याचा, घागरमाळा गळ्याले,
आता उभा मी परका, माह्याच गावच्या पोळ्याले!"

'हर हर महादेव' म्हणायचं लोक क्षणभर विसरले. मग म्हणाले.

तोरण तुटलं आणि आम्ही निघालो. पहिलं घर पाटलांचं. माझ्या हाती बांड्याचा कासरा होता, बाकीचे गल्लीतल्या पोरांकडे. वळणावर आलो तशी त्यानं चाल बदलली. मी त्याला नेत होतो ते उलटं झालं. तोच मला ओढत दारापाशी घेऊन गेला आणि ओट्याला मान लावून उभा राहिला. बाबाजींनी छाती भरून घेतली. पाटलांचं नाव, वल्द त्यांचे वडील, "हाजीर हो!" आतून काही हालचाल नाही. दुसरा पुकारा. माडीच्या खिडकीत कुणी तरी येऊन गेलं. तिसरा पुकारा ते करणार तोच पाटलीणबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांना आपली नवी जोडी आली असं वाटलं होतं. त्यांनी बांड्याला पाहिलं आणि ताट हातातच राहिलं.

"हा हाय अजून?" त्या म्हणाल्या. "मले तं सांगतलं होतं…" पुढचं त्यांनी गिळलं. वाकून त्याच्या खुरांवर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. बांड्या त्यांचा हात मनगटापर्यंत चाटत होता. पाटील बाहेर येऊन खाली बघत उभे राहिले.

"हाजीर झाले, बरं झालं," बाबाजी म्हणाले. "पोळ्यानंतरच्या बाजारात याची विक्री हाय. काही सांगाचं असन तं सांगा."

आता इथं पाटलांनी वैरण द्यायची होती. बाबाजींनी बंडीवाल्याला खूणही केली. पण पाटलीणबाईंनी माझ्या हातातला कासरा काढून घेतला. "काही विक्रीगिक्री नाही," त्या म्हणाल्या. "जेवू घातलेला बैल मी दारातून हाकलू काय? राहूद्या त्याले इथंच."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी मालक कडबा द्यायला तयार होता, पण त्याची आई दारात आडवी बसली. पुकारा गल्लीभर ऐकू जात होता, सगळ्या बायका आपापल्या ओट्यांवर आल्या होत्या, आणि शेजारणीनं ठेवलेला बैल आपण परत पाठवला असं कुणाला व्हायला नको होतं. बाबाजी "अवो, पन वैरन…" म्हणेपर्यंत कासरा खुंट्याला बांधलेला असायचा.

शेवटी शेटजींचा वाडा. पुकारा पहिलाच झाला आणि मांजी काठी टेकत स्वतः आली. डोळ्यांनी तिला फार दिसत नव्हतं. तिनं ढवळ्याच्या कपाळावर हात ठेवला, मग वशिंडावर, मग गळ्याखालच्या पोळीवर. "दुसरा कोठी हाय?" तिनं विचारलं. बाबाजींनी सांगितलं. एरवी ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात. मांजीनं ढवळ्याचा कासरा हातात घेतला. मग मुलाला म्हणाली, "मोटार भाईर काढ. याले तिथं बांध."

"मां, पांजरपोळात त्याची चांगली व्यवस्था…"

"याले परत नेशीन तं मलेबी तिथंच बांध."

ढवळ्या मोटारीच्या शेडमध्ये गेला, आणि मोटार रस्त्यावर आली.

दिवेलागणीला आम्ही परतलो तेव्हा आमच्याकडे एकही बैल नव्हता. बंडीही रिकामी होती. पांजरपोळाच्या फाटकात गुराखी उभा होता, तो आमच्या मागे बघत राहिला. बाबाजी आत जाऊन रिकाम्या दावणीसमोर उभे राहिले. ते पांजरपोळ वाचवायला निघाले होते, आणि आता वाचवायला तिथं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, बाबाजी, विक्री तर टळली ना? जितलो आपण.

"जितलो," ते म्हणाले. "पन उद्या हाजिरी कोनाची घेऊ?"

दुसऱ्या दिवशी ते सवयीनं गेले आणि लवकर परत आले. गल्लीत नामदेवानं दूध घातलं, त्यालाही काही बोलले नाहीत. नामदेव मला येऊन विचारून गेला, बाबाजी बरे आहेत ना.

मग बातम्या येऊ लागल्या. बांड्यानं पाटलांच्या अंगणातलं वाळत घातलेलं लुगडं खाल्लं. एका घरी बैलानं तुळस मुळासकट उपटली. दुसरीकडे दार अरुंद, म्हणून तो समोर रस्त्यावर बांधलेला, आणि त्याच्यावरून सायकलवाल्यांची भांडणं. एकाला सवयच नव्हती एकटं राहण्याची, तो सारखा हंबरायचा, घरातलं तान्हं पोर दचकून उठायचं. पोळा आठवड्याभराचा जुना झाला होता.

पहिले आले ते पाटील. बांड्या मागे आणि कडब्यानं भरलेली बंडी पुढे. मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडं जागा नाही, बाबाजी. ठेवून घ्या. कडबा आनला हाय." बाबाजींनी कासरा घेतला. "बांड्या वल्द पाटील!" एवढंच ओरडले. बैलानं मान वर केली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बैल आले, त्यांच्याबरोबर कुटाराची पोती आणि ढेप. पाटलांनी बंडीभर कडबा दिला हे सगळ्यांना कळलं होतं, तेव्हा त्याहून कमी घेऊन यायला तोंड नव्हतं. कुणी कुठून आणला कोण जाणे. नवी ज्वारी येईपर्यंत पुरला तो चारा. बाजारातल्या विक्रीचा विषय शेटजींनी पुन्हा काढला नाही. ढवळ्या तेवढा आला नाही. मांजीनं त्याला शेवटपर्यंत ठेवून घेतलं, आणि शेटजींची मोटार दोन पावसाळे रस्त्यावर भिजली.

मला त्या लोकांचा राग आला होता. मी म्हणालो, ओवाळलं काय, कासरा ओढून घेतला काय, आणि आठ दिवसांत परत आणून सोडलं. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?

बाबाजी गव्हाणीत कडबा टाकत होते. "पहिले सोडलं तवा रिकाम्या हातानं सोडून गेले होते," ते म्हणाले. "रस्त्यावरूनच. मांगं वयून बी नाही पाह्यलं. आता वैरन घेऊन आले, उभे राह्यले, बोलले. फरक हाय, बाबू." मला तो फरक तेव्हा फारसा मोठा वाटला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी बाबाजी ओट्यावरून पडले. कमरेला मार बसला. मुलगा अकोल्याहून धावत आला आणि ह्या वेळी त्यानं तारीख घेतली नाही. टांग्यात घालून स्टेशनवर नेलं. जाताना बाबाजींनी मला हाजिरी घ्यायला सांगितलं. मी कधीमधी जात असे, पण माझ्या आवाजाला बैल मान वर करत नसत.

एकदा कचेरीच्या कामानं अकोल्याला गेलो तेव्हा त्यांना भेटायला गेलो. मिलच्या चाळीतल्या दोन खोल्या. रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपलेली, दोन्ही बाजूंना पातळ भिंती. सून चांगली होती. तिनं चहा दिला आणि बाबाजी माझं नाव बापाच्या नावासकट घेणार तोच ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनं. ते थांबले. मग सगळा वेळ ते बोलले नाहीत, नुसती मान हलवत राहिले. दारापर्यंत मला पोचवताना मुलगा म्हणाला, "लोकं भांडाले येतात जी. मी तरी काय करू?" मला त्याचंही वाईट वाटलं आणि म्हाताऱ्याचं तर फारच वाटलं.

त्या थंडीत एका संध्याकाळी आमच्या दारात टांगा थांबला. मुलानं बाबाजींना धरून उतरवलं. मग ट्रंक उतरवली. मग एक नवीन रजई, वेताची आरामखुर्ची, तुपाचा डबा, तिळाच्या लाडवांचा डबा, कमरेच्या तेलाच्या बाटल्या. सगळं ओट्यावर ठेवायला टांगेवाल्याला दोन फेऱ्या कराव्या लागल्या. गल्लीतली दारं उघडली. मुलगा माझ्याशी बोलत होता, पण बघत होता घोड्याकडे. "तिकडं करमत नाही म्हनतात. इथलं पानी मानवते त्यायले. तुमी हायच, बाबू. मी दर महिन्याले चक्कर मारीन." मी म्हणालो, हो, मी आहे. तो वडिलांच्या पाया पडला आणि रात्रीची गाडी गाठायची म्हणून लगेच निघाला. कोपऱ्यावर टांगा वळताना त्यानं मागे वळून पाहिलं.

बाबाजी नव्या खुर्चीत बसून सामानाकडे बघत होते. एकेका डब्याकडे, रजईकडे, बाटल्यांकडे. गल्ली वाट बघत होती, की आता काहीतरी मोठ्यानं ऐकू येईल. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. मी वाकलो. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"रिकाम्या हातानं नाही आलं पोरगं," ते म्हणाले. "पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं," मी म्हणालो, आणि ट्रंक आत नेली.